खालच्या फळीवरची सावत्र आई

सुलभाबाई राऊत नसत्या, तर मी आज दिवाळी अंकात लिहीत नसतो. कुठल्यातरी वीटभट्टीवर विटा उलट्या करत असतो. उधव्याजवळच्या पाड्यावर आमचं घर. घरात माझ्याआधी कोणी दहावीसुद्धा पाहिलेली नव्हती. शाळा तलासरीला झाली आणि कॉलेज डहाणूला. कॉलेज सुटल्यावर परतीची गाडी येईपर्यंत फुकट बसता येईल अशी एकच जागा मला गावात सापडली, ती म्हणजे सार्वजनिक वाचनालय. सुलभाबाई तिथल्या ग्रंथपाल. "नुसता बसू नकोस, पुस्तकं पूस," असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. पुसता पुसता मी पुस्तकं उघडायला लागलो. बी.ए. झालो. ग्रंथालयाच्या कोर्सचा फॉर्म त्यांनीच आणला आणि माझ्याकडून भरून घेतला. निवृत्त होताना त्यांनी किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या आणि एवढंच म्हणाल्या, "वाळवीवर लक्ष ठेव."

बाईंची एकच गोष्ट मला कधी पटली नाही. त्यांना परीकथांचा तिटकारा होता. "राजकन्या, राक्षस, बोलणारे मासे! यानं कोणाचं पोर शहाणं झालंय का रे, रमण?" थोरांची चरित्रं त्यांनी डोळ्यांसमोरच्या फळीवर लावली होती. परीकथा दाराआडच्या कपाटात सर्वांत खाली, फरशी पुसणारीचं फडकं लागतं तिथे. मी त्या तिथेच राहू दिल्या. जिनं खुर्ची दिली तिच्याशी फळीवरून भांडण कसलं करायचं?

लोकांना वाटतं, वाचनालयात नोकरी म्हणजे दिवसभर वाचायला मिळत असणार. हलवाई दिवसभर पेढे खात असतो का? आमचं काम म्हणजे देवघेव, बांधणी, समुद्राच्या दमट हवेशी भांडण आणि मुदत उलटलेली पुस्तकं लोकांच्या घरी जाऊन मागून आणणं. या शेवटच्या कामात माणसं जितकी कळतात तितकी कुठल्याही कादंबरीत कळत नाहीत.

कुठलं पुस्तक किती वाचलं गेलं, हे आमच्या कार्यकारी समितीला नोंदींवरून कळतं. मला पानांच्या कडांवरून कळतं. चरित्रांची पहिली काही पानं मळलेली असतात, पुढे सगळं मिठासारखं पांढरं. परीकथांची पानं शेवटापर्यंत काळी असतात. पोर एकटी रानात शिरते, त्या पानाची कड तर तव्यासारखी. तिथे प्रत्येक वाचणाऱ्याचं बोट थांबलेलं असतं. बाईंना हे एकदा दाखवलं, तर म्हणाल्या, "हात धुवून वाचायला सांग."

बाई निदान उघड तिरस्कार करायच्या. मला खरा राग येतो तो परीकथांचं भलं करायला निघालेल्यांचा. एक पालक मुलासाठी गोष्टींचं पुस्तक घेताना काउंटरवर उभे राहून शेवटचं पान उघडत आणि विचारत, "याचं तात्पर्य कुठे आहे?" तात्पर्य नसेल तर पुस्तक परत. भाजीवाल्याकडे गेल्यावर हे गृहस्थ वांग्याचं तात्पर्य विचारत असतील का, असं मला नेहमी वाटे. एक विक्रेता गुळगुळीत कागदाचा संच घेऊन आला. त्यातला राक्षस शेवटी रोपं लावतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. पालकांनी माना डोलावल्या, समितीनं संच घेतला. तो आजही कोरा आहे. मुलांना फसवणं लोक समजतात तितकं सोपं नाही.

परीकथेचं मर्म मला एका टेम्पोवाल्यानं सांगितलं. विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या यात्रेत आम्ही पुस्तकांचा स्टॉल लावायचो. समितीच्या हुकमानं पुढे सगळी यशस्वी होण्याची पुस्तकं मांडलेली. उंबरगावचा एक टेम्पोवाला दर्शन घेऊन आला, ती सगळी ओलांडून वाकला आणि मागच्या खोक्यातून राजाराणीच्या गोष्टी उचलल्या.

"मुलांसाठी का?" मी विचारलं.

"ना रे भाई. मारा माटे. माझ्यासाठी." आणि मग जरा लाजून म्हणाला, "आमच्या धंद्यात हर कागदावर पत्ता असते. गाळा नंबर, प्लॉट नंबर, पिनकोड. यामां बघ, एक गाव हतं. बस. कुठलं गाव, कोणी विचारत नाय."

खरंच आहे. त्या गावाला पत्ता नसतो, म्हणून ते कोणाचंही होऊ शकतं. तिथे कोणाला मनातून काय वाटलं ते सांगण्यात वेळ घालवत नाहीत. मासा बोलला तर कोणी दचकत नाही, तो काय म्हणाला तेवढं ऐकतात. शब्द दिला की पाळावा लागतो, सापाला दिला असला तरी. आणि वाईट बाई असते ती पुरती वाईट असते. तिचं बालपण कसं गेलं, तिला कोणी समजून का घेतलं नाही, असल्या चौकशा करत बसायला गोष्टीतल्या पोरीला सवड नसते. तिला जीव वाचवायचा असतो.

हे सगळं मला पाठ होतं. पालकांच्या सभेत मी ते बोलूनही दाखवायचो. मग एक दिवस भारती आली.

भारती डहाणूच्या बाजारात मासळी विकते. तिचा नवरा बोटीवर जातो. ही त्याची दुसरी बायको. पहिली काविळीनं गेली, तिची मुलगी निशा. चौथीत होती. आमच्या बालविभागाची सभासद. पुस्तक घेताना ती नेहमी जमिनीवर बसायची, कारण तिला हवं ते तिथेच असायचं. खालच्या फळीवरचं एक जुनं, पुठ्ठा गेलेलं गोष्टींचं पुस्तक ती न्यायची, आणायची आणि पुन्हा तेच न्यायची.

भारतीनं टोपली बाहेर पायरीवर ठेवली, आत आली आणि तेच पुस्तक काउंटरवर आपटलं.

"मास्तर, हे जाळा."

"काय झालं, ताई?"

"पोर मासे खात नाय. नारळी पौर्णिमेपासनं. मासळीवाल्याच्या घरात पोर वरण-भात खाते! माळ घातली काय विचारतात लोक. शेजारीण तर तोंडावर बोलते, सावत्र आई खायला घालत नाय म्हणून. तिचा मामा झाईला राहतो, तो येऊन गेला. दिवाळीपर्यंत बघतो म्हणाला, पोर अशीच राहिली तर घेऊन जातो."

"पण पुस्तकानं काय केलं?"

"कालवण पुढे ठेवलं की म्हणते, यात माझी आई असेल. ह्या पुस्तकात लिहिलंय म्हणते."

गोष्ट मला माहीत होती. त्यात मेलेली आई मासा होऊन येते. मी माझं नेहमीचं भाषण काढलं. म्हटलं, "मुलांना कळतं हो ताई. गोष्ट वेगळी आणि खरं वेगळं, हे त्यांना मोठ्यांपेक्षा जास्त कळतं."

"कळतं तर जेवत का नाय?"

मी पुस्तकाची निसटलेली पानं सारखी करायला लागलो.

"आणि तिच्या आईच्या अस्थी खाडीत सोडल्या, हे तर खरंच हाय ना? मग तिला मी खोटं कसं पाडू?" एवढं बोलून ती स्टुलावर बसली. "मला दुसरीपर्यंतची शाळा. मला वाचून दाखवा, काय लिहिलंय ते."

दुपारची वेळ, वाचनालयात कोणी नव्हतं. मी वाचायला लागलो. एका गावात एक मुलगी होती. तिची आई मेली आणि तळ्यात मासा झाली...

"कुठला मासा?"

"नुसता मासा लिहिलंय."

"नुसता मासा नसतो, मास्तर. लिहिणाऱ्यानं बाजार केलेला नाय." तिनं नाक मुरडलं. "वाचा पुढे."

बापानं दुसरी बायको केली. ती पोरीला उपाशी ठेवी. पोर तळ्यावर जाऊन आईला हाक मारी, मासा वर येई आणि तोंडातून भात देई. एक दिवस सावत्र आईनं हे पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं पोरीचे कपडे घातले, तळ्यावर जाऊन तशीच हाक मारली, मासा वर आला आणि तिनं तो कापून शिजवला.

"मेली!" भारतीनं काउंटरवर हात आपटला. "पोरीचे कपडे घालून गेली? आणि त्या माशाला पण अक्कल नाय. पोटच्या पोरीचा आवाज ओळखता येऊ नये? पुढे?"

पुढे वाचणार तोच बाहेर मांजरानं टोपलीत तोंड घातलं. भारती शिव्या देत धावली आणि टोपली उचलून गेली. जाताना पुस्तक जाळायचं सांगायला विसरली.

दुसऱ्या दिवशी आली ती दारातूनच विचारत. "हाडांचं काय झालं?"

हाडं पोरीनं उंबऱ्याजवळ पुरली. त्यांचं झाड झालं, त्याला सोन्याची फळं लागली. ती फळं फक्त त्या पोरीच्या हाताला लागत. सावत्र आईनं हात वर केला की फांदी उंच जाई. शेवटी पोर राजाच्या घरी गेली आणि सावत्र आई झाडाखाली हात वर करून उभी राहिली.

"बरं झालं," भारती म्हणाली. "चांगली खोड मोडली तिची." मग पदर खोचत तिनं विचारलं, "पोर गेल्यावर ती एकटीच जेवली असेल ना?"

"ते लिहिलेलं नाही."

"कसं लिहितील?"

इतकी वर्षं मी परीकथांवर बोलत होतो, पण ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. गोष्ट ऐकताना सावत्र आईसुद्धा सावत्र आई नसते. तीही त्या पोरीच्याच बाजूची असते.

पण माझ्याकडे येण्याआधी भारती आमच्या अध्यक्षांकडेही बोलली होती. ते तिचं जुनं गिऱ्हाईक. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. पापलेट निवडता निवडता नानांनी तक्रार ऐकली आणि त्यांना आनंद झाला. बऱ्याच दिवसांत वाचनालयात काही घडलं नव्हतं. त्यांनी तातडीची सभा बोलावली. चिकूच्या वाडीत घर बांधलेल्या मुंबईच्या एका समुपदेशक मॅडमना खास आमंत्रण दिलं. भारतीलाही बोलावलं होतं, पण खुर्ची द्यायचं कोणाला सुचलं नाही. मी माझी पुढे केली, तर "कपड्यांना वास लागेल तुमच्या," म्हणून ती दाराशीच उभी राहिली.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "ही कथा फार निगेटिव्ह आहे. शेवट बदलून द्यायला हवा. सावत्र आईला पश्चात्ताप होतो, ती सॉरी म्हणते, आणि मासा जिवंतच राहतो."

नाना व्यवहारी. ते म्हणाले, "त्यापेक्षा जिथे जिथे सावत्र आई आहे तिथे कागद चिकटवू आणि 'शेजारीण' लिहू."

"मग शेजारणी तक्रार घेऊन येतील," एक सदस्य म्हणाले. ते हे गंभीरपणे म्हणाले.

"मग 'एक बाई' करा."

"बाईच कशाला?" दारातून आवाज आला. "बाप्या करा. त्या गोष्टीत बाप हाय ना? पोर उपाशी राहते, मासा कापला जातो, एवढा वेळ तो कुठे होता?"

मॅडम सोडल्या तर टेबलाभोवती सगळे पुरुष होते. नानांनी पाण्याचा ग्लास उचलला.

"आणि मॅडम," भारती म्हणाली, "मासा जिवंत ठेवू नका. मासा मेला नाय तर झाड कुठनं येणार? आणि ती बाई वाईट नाय, तर गोष्ट सांगायची कशाला?"

"अहो, पण तक्रार तुमचीच होती ना?" नाना चिडले.

"होती. आता मी बघते काय करायचं ते." तिनं टेबलावरचं पुस्तक उचललं, काखेत मारलं आणि गेली.

सभेनं ठराव केला. ग्रंथपालांनी सदर पुस्तक ताब्यात घेऊन पुढील निर्णयापर्यंत अध्यक्षांच्या कपाटात ठेवावं. एका म्हाताऱ्या पुस्तकाला कोठडी! बाकी कपाटांतली चरित्रं वाळवी खात होती, तिच्यावर मात्र ठराव झाला नाही.

हुकूम तो हुकूम. शनिवारी दुपारी मी भारतीच्या घरी गेलो. अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत होते. पायरीवर निशा बसली होती, अजून शाळेच्या गणवेशात. तिच्यासमोर भारतीनं बोटीवरून आलेली टोपली ठेवली होती. मी फाटकाशीच थांबलो.

"बघून घे," भारती पोरीला म्हणत होती. "नीट बघ. यात तुझी आई असेल तर बाजूला काढ. बाकीची मी बाजारात नेते. मागनं मला बोलायचं नाय."

निशा वाकली. एकेक मासा उचलून त्याच्या डोळ्यांत बघायला लागली. मांदेली बाजूला सारली, करंदी सारली. भारतीला बाजाराची घाई असणार, बर्फ वितळत होता, पण ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

शेजारच्या दारातून एक बाई ओरडली, "ए भारती! येडी झालीस काय गो? सवतीला टोपलीत शोधतेस?"

"शोधते! सापडली तर तुला हाक मारते, वाटणी मागायला ये!"

निशानं एक लहान बोय उचलली. "मावशी, ही वाटते." भारतीला ती मावशीच म्हणायची.

"वाटते की हाय?"

"...हाय."

"आण इकडे." भारतीनं ती बोय दोन्ही हातांत घेतली. "चल, खाडीत सोडू."

"पण ती मेलीये."

"मेली तरी पाणी तिचंच हाय ना?"

दोघी खाडीकडे गेल्या. टोपली तशीच उघडी. कावळे यायला लागले, म्हणून मीच तिथे राखण करत उभा राहिलो. वाचनालयाच्या सेवानियमांत हे काम बसत नाही. परत आल्यावर भारतीनं मला पाहिलं. "पुस्तक पाहिजे काय?"

"समितीला पाहिजे."

"रोज बघते ती टोपली," ती म्हणाली. "काल दोन काढल्या होत्या. दोन आया कशा असतील, म्हटलं तर म्हणते, मला नक्की कळत नाय. आता तुम्ही पुस्तक नेलंत तर तिला वाटेल मीच लपवलं. मग ती मामाकडेच जाईल."

मी परत आलो. समितीला लेखी कळवलं की वाचकाचं पुस्तक अद्याप वाचून व्हायचं आहे. ते अक्षरशः खरं होतं. पुढच्या सभेत विषय निघालाच नाही. त्या दिवशी नव्या खुर्च्यांच्या गाद्यांच्या रंगावरून दोन तट पडले होते.

पण माझी झोप उडाली होती. परीकथा म्हणजे निरुपद्रवी करमणूक, असं मी जन्मभर लोकांना समजावत आलो होतो. सुलभाबाई, ते तात्पर्यवाले गृहस्थ, मॅडम आणि नाना, यांच्याविरुद्ध मी त्या गोष्टींची बाजू घेत होतो ती त्या खोट्या आहेत म्हणून. पोरीनं मात्र गोष्टीचा शब्दन् शब्द खरा धरला होता. उगाच नाही ती पानं काळी पडत. आणि आम्हा शिकलेल्यांकडे तिच्यासाठी काय होतं? कागद आणि डिंक. दिवाळी जवळ येत होती. मामा येणार होता. मी रोज काउंटरवर बसून दाराकडे बघत राहायचो.

त्यानंतर काय झालं ते मी सुलभाबाईंना लिहिलं. त्या आता वापीला मुलाकडे असतात, कान गेले म्हणून फोन चालत नाही. ते पत्रच इथे देतो.

ती. बाईंस,
साष्टांग नमस्कार.

वाळवीवर लक्ष आहे. तुमच्या चरित्रांची दोन कपाटं औषध मारून घेतली.

मागच्या पत्रात लिहिलेल्या मुलीचं काय झालं, असं तुम्ही विचारलंत. परीकथांच्या पुस्तकाबद्दल तुम्ही काही विचारण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून सविस्तर लिहितो.

धनत्रयोदशीला मामा आला. मुद्दाम जेवणाच्या वेळेला. भारतीनं त्याच्यासमोरच टोपली पोरीपुढे ठेवली आणि रोजचं विचारलं. मामा हसायला लागला, तर तिनं त्याला गप्प बसवलं. निशानं सगळी टोपली वरखाली केली, फार वेळ लावला. मग म्हणाली, "आज यात कोणी नाय." भारती म्हणाली, "नक्की?" तर म्हणे, "नक्की. ती आता लांब गेली असेल, इकडे जाळी फार." आणि मांदेली तळायला सांगितली. मामाच्या ताटातलीही उचलून खाल्ली म्हणे. संध्याकाळच्या गाडीनं मामा एकटाच झाईला गेला. हे मला भारतीनं भर बाजारात सांगितलं, गिऱ्हाईक ताटकळत ठेवून. मासे खायला लागली म्हणून तिला आनंद होता, पण एक बोलली, ते तुम्हाला सांगतो. म्हणाली, "मास्तर, मी पण रोज टोपलीत बघायला लागले होते."

समितीनं बालविभागाला काचेचं उंच कपाट घेतलं आहे. परीकथा वर लावा असा आदेश आहे. मी लावलेल्या नाहीत. तुम्ही त्या जमिनीलगत ठेवल्यात त्या रागानं, हे मला माहीत आहे. पण बाई, चौथीतल्या पोरीचा हात तिथेच पोचतो. तुमच्या रागाचे हे उपकार त्या पोरीच्या वतीनं मी मानतो. माझ्यावरचे तर मोजण्यापलीकडचे आहेत.

काल निशा पुस्तक परत द्यायला आली. पानांना मासळीचा वास येतो, नाना नाक मुरडतील. फरशीवर बसून तिनं सगळी खालची फळी उपसली आणि मला विचारलं, "मास्तर, सावत्र आईची अजून एखादी गोष्ट हाय काय? याच्याहून वाईट सावत्र आई पाहिजे."

मी घाबरून विचारलं, "कशाला गं?"

"मावशीला वाचून दाखवायचीये," ती म्हणाली. "तिला शिव्या घालायला लई आवडतं."

शोधून दिली.

आपला,
रमण